निसरडी फरशी कोणाची?

आज ४ मार्च, राष्ट्रीय सुरक्षा दिन. १९६६ साली याच तारखेला राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली. आज कारखान्यांच्या फाटकांवर फलक लागतील, छातीवर बिल्ले चढतील, शपथ होईल. स्फोट, आग, विषारी वायू यांवर भाषणे होतील. सांडलेल्या तेलावरून घसरून कंबर मोडणाऱ्याची आठवण मात्र क्वचितच निघेल. पडण्याला आपण अपघात मानतच नाही. पडणाऱ्याचा वेंधळेपणा मानतो.

कायदा तसे मानत नाही. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाचे कलम ३२ सांगत होते की जमीन, जिने आणि वाटा मजबूत हव्यात, त्यांवर अडथळा नको, पाय घसरेल असे काही सांडलेले नको. जबाबदारी कारखाना चालवणाऱ्याची. तरीही ‘सावकाश चाला’ असा फलक लावला की काम झाले, असा समज रूढ आहे. वंगण गळते ते यंत्राच्या जुन्या सीलमधून. ते बदलायचे तर यंत्र थांबवावे लागते, उत्पादन बुडते. मग खाली गोणपाट टाकले जाते आणि उद्या कोणीतरी त्याच गोणपाटात अडखळतो.

खरी निसरडी जागा तर या कायद्याच्या बाहेरच राहिली. मुंबईच्या ससून डॉकवर पहाटे बर्फाचे पाणी आणि मासळीचा चिकटा यांतून डोक्यावर पाटी घेऊन बायका चालतात. पायांत बहुधा साधी चप्पल. खानावळीच्या मोरीपाशी साबणाच्या पाण्यात उभा असलेला पोऱ्या, इमारतीचे जिने पुसणारी कंत्राटी बाई... ही माणसे पडली तर आठवड्याची मजुरी जाते, नोंद कुठेच होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडून मरतात. यात घरात पडणारे वृद्धही आले, हे खरे. पण पडणे किरकोळ नाही, एवढे त्यातून कळावे.

उपाय महागडे नाहीत. पाणी वाहून जाईल असा उतार, खरबरीत लादी, जिन्याला कठडा, पुरेसा उजेड, वाटेतून न जाणारी वायर, पकड असलेले बूट. आणि सांडले की लगेच पुसायला माणूस, ज्याला त्यासाठी कोणी ओरडणार नाही.

व्यवस्थापकांनी आज भाषण थोडे आवरते घ्यावे, रात्रपाळीत एकदा स्वतः फिरावे आणि फरशी पुसणाऱ्यांना विचारावे, कुठे घसरायला होते. त्यांना प्रत्येक जागा ठाऊक असते.