इच्छाशक्तीचा साठा

1 डिसेंबरचा जागतिक एड्स दिन पार पडला. करोल बागेतल्या एका मराठी मंडळात यंदाही एड्सवर व्याख्यान झालं. ‘इच्छाशक्ती असेल तर एड्सही हरतो’ या वाक्याला टाळ्या पडल्या, वक्त्यांना शाल-श्रीफळ मिळालं. इच्छाशक्तीचे असे धडे देणाऱ्यांवर मी मागे लिहिलं तेव्हा काहींनी माझ्याशी बोलणं सोडलं होतं. आता उरलेल्यांनी सोडावं.

इच्छाशक्तीने एड्स हरत असेल, तर मग एर्वे गिबेरचं काय करायचं? हा फ्रेंच लेखक ‘ल माँद’ या दैनिकात छायाचित्रणावर लिहायचा, स्वतःही फोटो काढायचा. 1990 मध्ये त्याने कादंबरीत आपला एड्स उघड केला, आणि नाव बदलून आपला मित्र, तत्त्वज्ञ मिशेल फुकोचं मरणही. मग व्हिडिओ कॅमेरा स्वतःच्याच झिजत्या देहावर रोखला. तपासण्या, व्यायाम, संडास, काही वगळलं नाही. ती फिल्म जानेवारी 1992 मध्ये टीव्हीवर आली, तेव्हा त्याला जाऊन महिना झाला होता. वय 36. मरणाच्या दोन आठवडे आधी त्याने आत्महत्येचा प्रयत्न केला होता. व्याख्यानाच्या हिशेबात हा नापास.

आता सुनील गुप्ता. 1953 मध्ये आपल्याच दिल्लीत जन्मलेला, लंडनमध्ये नाव कमावलेला छायाचित्रकार. 1995 मध्ये एचआयव्हीचं निदान झालं. त्यानेही कॅमेरा स्वतःकडे वळवला आणि 1999 मध्ये ‘फ्रॉम हिअर टू इटर्निटी’ ही मालिका केली. पुढे काही वर्षं तो दिल्लीत राहिला, इथेही फोटो काढत राहिला. म्हणजे हा पास?

दोघांचं धाडस तोलून पाहा, काटा हलणार नाही. फरक आहे तो 1996 चा. त्या सुमारास तीन औषधं एकत्र देण्याचा उपचार आला. गिबेरच्या वाट्याला एझेडटी हे औषध आणि नंतर डीडीआय आलं. एकेकट्या औषधाला विषाणू लवकरच जुमानेनासा व्हायचा.

आपल्याकडे मुंबईच्या सिप्ला कंपनीने 2001 मध्ये तिहेरी औषध दिवसाला एका डॉलरच्या आत आणून दाखवलं, आणि 1 एप्रिल 2004 पासून सरकार ते मोफत देऊ लागलं. तरी जुलै 2022 मध्ये औषधं मिळेनात म्हणून रुग्ण दिल्लीत राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या, म्हणजे ‘नाको’च्या कचेरीबाहेर महिनाभराहून अधिक धरणं धरून बसले. इतके दिवस फुटपाथवर बसणाऱ्यांकडे इच्छाशक्ती कमी होती, असं कोणी म्हणून दाखवावं! उपचार केंद्राच्या कपाटात पुढच्या महिन्याच्या गोळ्या आहेत का, हे विचारायला वक्ता लागत नाही. टाळ्याही पडत नाहीत, म्हणून कोणी विचारत नसावं.

— करोलबागकर