ऑर्डर संपल्यावर लॅबमध्ये कोण?

५ सप्टेंबर, शिक्षक दिन. बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स आणि बीसीएच्या वर्गांत या दिवशी मुले ज्यांना फुले देतात, त्यांतले कितीतरी जण ‘सीएचबी’वर, म्हणजे तासिका तत्त्वावर शिकवतात. नेट-सेट झालेले, पीएच.डी. असलेलेही त्यांत आहेत. नेमणुकीची ऑर्डर सेमिस्टरची, फार तर एका वर्षाची. मग पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत.

महाराष्ट्रात हे अभ्यासक्रम मुख्यतः विनाअनुदानित तत्त्वावर वाढले. प्रवेश भरले, पण सरकारी वेतनाची पदे आली नाहीत. नुकसान पगाराचे आहेच, शिकवण्याचेही आहे, आणि त्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. कॉम्प्युटर सायन्स हा विषय फळ्यावर थोडा आणि लॅबमध्ये जास्त शिकवला जातो. एका बॅचमधली मुले सी भाषेतल्या पॉइंटरपाशी अडतात, पण प्रत्येकाचे अडणे वेगळे. कोणाला पत्ता आणि किंमत यांतला फरक उमगलेला नसतो, तर कोणी शेजारच्याचा प्रोग्रॅम उतरवून गप्प बसलेला असतो. मुलाच्या मागे उभे राहून, पडद्यावरच्या चार ओळींवरून हे ओळखणारी नजर तोच विषय वर्षानुवर्षे शिकवल्यावर येते. इथे मात्र शिक्षकाच्या वाट्याला यंदा सी, पुढच्या वर्षी दुसऱ्या कॉलेजात पायथन, त्यानंतर डेटाबेस. नव्या शैक्षणिक धोरणाने अभ्यासक्रम बदलले, मशीन लर्निंग आले. त्याची तयारी उन्हाळ्यात करायची, आणि उन्हाळ्याचे मानधन नसते. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला गाइड लागतो; तो मध्येच बदलला, की मुलांना आपला विचार पहिल्यापासून समजावून सांगावा लागतो.

नियम याहून चांगला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमावलीत कंत्राटी शिक्षकांची संख्या एकूण पदांच्या दहा टक्क्यांवर जाऊ नये, आणि त्यांचे वेतन नियमित सहायक प्राध्यापकाच्या एकूण मासिक वेतनापेक्षा कमी नसावे, असे म्हटले आहे. तासावर पैसे मोजले, की ही तरतूद बाजूला राहते. २२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधल्या सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या कंत्राटी सहायक प्राध्यापकांच्या बाजूने निकाल दिला. महिना ३०,००० रुपयांवर ते वर्षानुवर्षे राबत होते. त्यांना वेतनश्रेणीतले किमान वेतन थकबाकीसह द्यावे, असा आदेश झाला. समारंभांत ‘गुरुर्ब्रह्मा’ म्हणत राहणे पुरेसे नाही, हेही न्यायालयाने सुनावले. तो खटला गुजरातचा होता, पण आपल्या राज्यकर्त्यांनी आणि संस्थाचालकांनीही हा निकाल वाचावा.

कायम पदे निर्माण करून ती भरणे हाच खरा उपाय. ती भरेपर्यंत निदान एवढे तरी व्हावे: ऑर्डर कॉलेज उघडण्याआधी हातात पडावी आणि ती पूर्ण बारा महिन्यांची असावी. प्रात्यक्षिकाच्या तासाला व्याख्यानाइतकेच मोल मिळावे. ज्याने प्रोजेक्ट हाती घेतला, त्यालाच तो शेवटपर्यंत नेता यावा. आणि मानधन दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात खात्यात जमा व्हावे.