नकाराचे मोल

मोठ्या कंपनीचे नियुक्तीपत्र हाती पडले की घरोघरी पेढे वाटले जातात; ती कंपनी पैसा कोणत्या मार्गाने मिळविते, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. अमेरिकेतील काही पदवीधरांनी मात्र ती केली आणि एका बलाढ्य कंपनीला त्याची दखल घ्यावी लागली.

मार्च २०१८ मध्ये फेसबुक-केंब्रिज अ‍ॅनालिटिका प्रकरण उघडकीस आले. एका प्रश्नावलीचे अ‍ॅप वापरणारे जेमतेम २ लाख ७० हजार; पण त्यांच्या मित्रपरिवाराची माहितीही त्याच वाटेने बाहेर गेली. फेसबुकच्याच अंदाजानुसार बाधितांची संख्या ८ कोटी ७० लाखांपर्यंत पोहोचली. त्यांत सुमारे ५ लाख ६२ हजार भारतीय होते. जुलै २०१९ मध्ये अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने ५ अब्ज डॉलरचा दंड ठोठावला. तथापि २०१८ या एकाच वर्षी सुमारे ५६ अब्ज डॉलरचे उत्पन्न मिळविणाऱ्या कंपनीला तो कितीसा जड जाणार?

खरा चटका बसला तो अन्यत्र. स्टॅनफर्ड, कार्नेगी मेलन यांसारख्या अग्रगण्य विद्यापीठांतील, नोकरीचा प्रस्ताव मिळालेल्या नवपदवीधरांपैकी सरासरी ८५ टक्के जण २०१७-१८ मध्ये फेसबुकची नोकरी स्वीकारीत होते. डिसेंबर २०१८ पर्यंत हे प्रमाण ३५ ते ५५ टक्क्यांवर घसरले, असे वृत्त माजी भरती अधिकाऱ्यांच्या हवाल्याने सीएनबीसीने मे २०१९ मध्ये दिले. कंपनीने हे आकडे चुकीचे ठरविले. परंतु मुलाखतीस येणारे उमेदवारच खासगीपणाविषयी कंपनीला प्रश्न विचारू लागले होते, हेही त्याच वृत्तात नमूद होते. दंड तिजोरीतून भरता येतो. बुद्धिमान अभियंत्याचा नकार कशाने भरून काढणार?

म्हणून हा नकार अभिनंदनीय आहे. पण केवळ त्यावर विसंबणे भाबडेपणाचे ठरेल. याच कंपनीने, मेटा या नव्या नावाने, नोव्हेंबर २०२२ मध्ये ११ हजार कर्मचाऱ्यांना घरी पाठविले आणि मार्च २०२३ मध्ये आणखी १० हजार जणांच्या कपातीची घोषणा केली. नोकऱ्या मुबलक असताना नकार देणे सोपे असते. दाराशी रांग लागली की सदसद्विवेकालाही घरखर्चाचा हिशेब करावा लागतो. कोट्यवधी नागरिकांच्या खासगीपणाचे रक्षण नोकरीच्या बाजारातील तेजी-मंदीवर सोपविता येत नाही. ते काम कायद्याचेच आहे.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. त्यानंतर कायदा होण्यास २०२३ साल आणि त्याचे नियम येण्यास २०२५ चा नोव्हेंबर उजाडावा लागला. ही दिरंगाई भूषणावह नाही. आता कायद्याची अंमलबजावणी कठोर हवी, आणि अभियांत्रिकीच्या वर्गात संगणकाच्या भाषेबरोबर दायित्वाची भाषाही शिकविली जायला हवी. वेतनाचा आकडा विचारण्यापूर्वी कामाचे स्वरूप विचारणारा तरुण हा त्या कायद्याचा पहिला पहारेकरी ठरेल.