लपलेली फाइल म्हणजे आवरलेले घर नव्हे



‘टिंबाने सुरू होणाऱ्या फाइली दिसतच नाहीत, मग त्यांचा त्रास कसला?’ असा सवाल गेल्या अंकातील पत्रलेखकाने केला आहे. दिसत नाहीत, हाच तर त्रास आहे.

मागच्या महिन्यात नव्या लॅपटॉपवर लिनक्स चढवताना जुन्या होम डिरेक्टरीत ‘एलएस -ए’ ही आज्ञा दिली. टिंबवाल्या नावांनी पडदा भरून गेला. त्यातली निम्मी वर्षांपूर्वी काढून टाकलेल्या प्रोग्रॅमची. जपायच्या सेटिंग कुठल्या आणि नुसती कॅश कुठली, हे एकेक उघडून पाहण्यात माझी अख्खी संध्याकाळ गेली.

टिंबाच्या फाइली लपवण्याची ही प्रथा कुणी विचारपूर्वक घातलेलीही नाही. युनिक्सच्या ‘एलएस’ने ‘.’ आणि ‘..’ या दोन नोंदी वगळाव्यात म्हणून फक्त पहिले अक्षर तपासले गेले आणि टिंबाची प्रत्येक फाइल आपोआप अदृश्य झाली, असे युनिक्सच्या जुन्या चमूतील रॉब पाइक यांनी सांगितले आहे.

अशा फाइली कुठे ठेवाव्यात, याचा एक्सडीजी हा संकेत २००३ पासून उपलब्ध आहे: सेटिंग ‘.कॉन्फिग’मध्ये, कॅश ‘.कॅश’मध्ये, प्रोग्रॅमचा डेटा ‘.लोकल/शेअर’मध्ये. बॅकअप घेताना ‘.कॅश’ बिनधास्त वगळता येते.

जुने मार्ग मोडले तर लोकांच्या स्क्रिप्ट बंद पडतील, ही पत्रलेखकाची भीती मात्र रास्त आहे. पण गिट दोन्ही जागा वाचतो, जुनी ‘.गिटकॉन्फिग’ही चालते, ‘.कॉन्फिग/गिट’ही. इतर प्रोग्रॅमकारांनी एवढे तरी करावे, ही कळकळीची विनंती.

– एक लिनक्स वापरकर्ता, पुणे