झाकण दस्तरखानावरच उघडा



दहावीत शिकणाऱ्या आमच्या चिरंजीवांनी मागच्या महिन्यात मित्रांबरोबर बाहेर ‘स्मोक्ड चिकन विंग्ज’ खाल्ले. घरी आल्यावर त्याचं वर्णन असं काही सुरू झालं, की कोंबडीला पंख असतात हा शोध जणू त्याच दिवशी लागला होता. तुकडे ६ आणि बिल ३२० रुपये! मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते, गणित नाही. पण एवढा हिशेब मलाही कळतो. तेवढ्या पैशांत घरात सगळ्यांचं जेवण झालं असतं.

“हलाल आहे का, विचारलंस?” मी म्हटलं.

“मम्मी, सगळेच खात होते.”

हे काही माझ्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. मुलांवर रागावून उपयोग नसतो, हे वीस वर्षांच्या नोकरीत शिकले आहे. म्हटलं, येत्या रविवारी घरीच करू. त्यातच सोलापूरहून माझी अम्मी आमच्याकडे राहायला आली होती, आणि अम्मीला पंख फार आवडतात, हे मला लहानपणापासून पाठ होतं.

पाठ होतं म्हणजे कसं, ते सांगते. आमच्या घरी रविवारी सव्वा किलोची एक कोंबडी यायची आणि खाणारी माणसं आठ. एक लेग अब्बांच्या ताटात, दुसरा थोरल्या भावाच्या. दादीला दात नव्हते म्हणून छातीचा मऊ तुकडा तिचा. कलेजी सगळ्यात धाकट्याची. सर्वांचं झालं की अम्मी पातेलं पुढ्यात ओढून बसायची. तळाशी मान आणि दोन पंख उरलेले असायचे. आम्ही विचारलं तर म्हणायची, “मेरेकू पंखच पसंद है.” आम्ही लेकरं, आम्हाला ते पटायचं.

आता या पंखांचा थोडा इतिहास. अमेरिकेतही एकेकाळी कोंबडीच्या पंखांना मान नव्हता. ते सूपच्या पातेल्यात जायचे. न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो या शहरात १९६४ साली टेरेसा बेलिसिमो नावाच्या बाईंनी आपल्या हॉटेलात पंख तळून त्यांना लोणी आणि तिखट सॉस चोळला, ही त्यातली सगळ्यात प्रसिद्ध हकिगत. पुढे ‘बफेलो विंग्ज’ जगभर गेले. धुरावरचे पंख हा त्याच घराण्यातला प्रकार. तिकडे झाकणबंद भट्टीत लाकडाच्या धुरावर, साधारण ११० ते १३० अंश सेल्सिअसला, पंख दीड-दोन तास ठेवतात. म्हणजे तिथे धूर आणि शिजणं दोन्ही एकदम होतं.

आपल्याकडे तशी भट्टी नाही, पण आपल्याकडे धुंगार आहे. जळता निखारा वाटीत ठेवायचा, त्यावर तूप सोडायचं आणि झाकण लावायचं. डाळीला, कबाबला, खिम्याला आपण हा धूर देतच आलो आहोत. फरक एवढाच लक्षात ठेवा, की धुंगाराने फक्त वास लागतो, मांस शिजत नाही. पंख आधी पूर्ण शिजलेले हवेत.

पहिल्या रविवारी मी हे सगळं उत्साहाने केलं आणि सगळं चुकवलं. बाहेर पाऊस होता म्हणून स्वयंपाकघराची खिडकी लावलेली. धुंगार दिला, पाच मिनिटांनी ओट्यावरच झाकण उघडलं, आणि धूर थेट आतल्या खोलीत. अम्मीला दमा आहे. तिला जी उबळ आली, ती पंधरा मिनिटं थांबेना. तिला मागच्या खोलीत नेलं, पाणी दिलं, पंप दिला. तोवर मुलगा आणि यांनी गरम गरम पंख खाऊन “वा वा” केलं होतं. अम्मी सावरली आणि आम्ही दोघी जेवायला बसलो, तेव्हा पंख थंडगार झाले होते. परत गरम केले, पण धुराचा तो वास गेला तो गेलाच. राहिला नुसता मसाला.

मी ओशाळून म्हटलं, “अम्मी, तुम्हाला पंख आवडतात म्हणून मुद्दाम केले होते.”

अम्मी हाड बाजूला ठेवत सहज म्हणाली, “आवडतात की नाही, मला तरी कुठं ठाऊक? गरम कधी खाल्लेच नाहीत.”

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पाऊस थांबला की नाही हे सांगावं, तशी ती बोलली. माझा घास मात्र तिथेच अडकला. सातवीतली माझी लेक समोर बसली होती. ती म्हणाली, “मम्मी पण तेच म्हणते. मला पंखच आवडतात.”

खरं होतं. मी बीएड केलेली, पगार मिळवणारी बाई, आणि तेच वाक्य माझ्याही तोंडात होतं. कुणी म्हणायला लावलं नव्हतं. आमचे हे काही ताट हिसकावून घेणारे नाहीत. फक्त वाढता वाढता मी शेवटी बसते आणि शेवटी जे उरतं, ते आवडतं असं म्हणते. आणखी पंधरा वर्षांनी हे वाक्य माझ्या लेकीच्या तोंडात असणार, हे त्या दिवशी मला स्पष्ट दिसलं.

म्हणून पुढच्या रविवारी पुन्हा तेच केलं, पण नीट. आता कृती सांगते.

आधी खरेदी. एका कोंबडीला पंख दोनच. १२ पंख म्हणजे सहा कोंबड्या. त्यामुळे चिकनवाल्याला एक दिवस आधी सांगा. आपल्याकडे बहुतेक दुकानांत कोंबडीची चामडी सरसकट ओढून काढतात. पंखांना मात्र चामडी हवी, नाहीतर ते कोरडे होतात. तेव्हा ‘चामडीसकट, पिसं नीट काढून’ असं स्पष्ट सांगा. ओळखीच्या दुकानातून, डोळ्यांदेखत घेतलेलं असलं की हलालचा प्रश्नही मनात राहत नाही. १२ पंख साधारण एक किलो भरतात. प्रत्येकाचं टोक कापून शोरब्यासाठी बाजूला ठेवा आणि उरलेला पंख सांध्यावर कापून दोन तुकडे करा. झाले २४ तुकडे.

तुकडे कापडाने अगदी कोरडे टिपून घ्या. दोन मोठे चमचे आलं-लसूण वाटण, एका लिंबाचा रस आणि दीड छोटा चमचा मीठ चोळून अर्धा तास ठेवा. मग चार मोठे चमचे बांधलेलं घट्ट दही, दोन छोटे चमचे ब्याडगी मिरचीपूड, अर्धा चमचा हळद, एक चमचा धणे-जिरेपूड, अर्धा चमचा गरम मसाला आणि दोन मोठे चमचे तेल लावून दोन तास फ्रिजमध्ये. दही पातळ असेल तर पाणी सुटतं आणि पंख भाजण्याऐवजी उकडतात.

जाड बुडाच्या पसरट कढईत थोडं तेल घालून १२ तुकडे एका वेळी मांडा. झाकण ठेवून मंद आचेवर १२ ते १५ मिनिटं, मधे एकदा उलटून. नंतर झाकण काढून आच वाढवा आणि पाणी आटून चामडी तांबूस होईपर्यंत १० मिनिटं परता. घरी ओव्हन असेल तर २०० अंशांवर ४० ते ४५ मिनिटं, अर्ध्यात उलटून. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर हाडाजवळच्या जाड भागात ७४ अंश दिसले पाहिजेत. नसेल तर सुरीचं टोक खुपसून पाहा; रस स्वच्छ आला पाहिजे, गुलाबी नव्हे.

आता धूर. कोळसा लाकडाचा हवा, ज्याला आपण लोणारी कोळसा म्हणतो. दगडी कोळसा मुळीच नको, आणि रॉकेल शिंपडून पेटवलेलाही नको. मला आमच्या इस्त्रीवाल्याने दोन तुकडे फुकट दिले. तुकडा जाळीवर ठेवून गॅसवर सगळीकडून लाल होऊ द्या. ठिणग्या उडतात, तेव्हा ओढणी खोचून घ्या आणि लहान मुलांना लांब ठेवा.

शिजलेले सगळे तुकडे पातेल्यात गोलाकार लावा, मधे स्टीलची वाटी. चिमट्याने निखारा वाटीत ठेवा, वर दोन लवंगा आणि अर्धा छोटा चमचा तूप. धूर उसळताच झाकण लावा आणि कडेने ओला फडका गुंडाळा. चार ते पाच मिनिटं पुरे. जास्त वेळ ठेवला तर जास्त चव येईल असं वाटतं, पण येतो तो कडूपणा.

आणि हे सगळं मोकळ्या हवेत करा. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, त्यामुळे तो कळत नाही. बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली माणसं पुन्हा उठत नाहीत, ती यामुळेच. धुंगाराचा निखारा लहान असतो हे खरं, तरी खिडकी उघडी हवी. घरात दमेकरी असेल तर गॅलरी किंवा गच्चीच बरी. मी माझी चूक अम्मीच्या खोकल्यात ऐकली आहे, तुम्ही ऐकू नका.

आम्ही मगरिबनंतर गच्चीवरच दस्तरखान अंथरला. रोट्या, कांदा, लिंबू, पाणी, सगळं आधी वर नेलं. पातेलं सगळ्यात शेवटी आलं, झाकण बंद ठेवूनच. एक नियम मी आधीच सांगून टाकला होता: सगळे बसल्याशिवाय झाकण उघडायचं नाही, आणि सगळ्यांत मीसुद्धा आले. याचं कारण साधं आहे. धुंगाराचा पहिला वास झाकण उघडल्यावर थोडाच वेळ टिकतो. तो झाकून ठेवता येत नाही, की पुन्हा गरम करून आणता येत नाही. ज्याला तो हवा, त्याने त्या वेळी तिथे असलं पाहिजे.

सवय कशी असते पाहा, मी दोनदा उठू लागले. एकदा मीठ आणायला, एकदा उगाच. लेकीने हात धरून खाली बसवलं. अम्मीला वाऱ्याच्या वरच्या बाजूला बसवलं होतं. यांनी झाकण तिच्याकडून दूर उचललं, निखाऱ्याची वाटी चिमट्याने काढून पाण्याच्या भांड्यात बुडवली. बिस्मिल्लाह म्हणून हात पुढे झाले. पंखांत एक गंमत आहे: लेग नाही, मान नाही, सगळ्यांच्या वाट्याला सारखाच तुकडा. निवडायला काही नाही, त्यामुळे सोडायलाही काही नाही.

धूर शेजारच्या गच्चीवर गेलाच होता. शोरबा केला तर पाणी थोडं वाढवा पण शेजाऱ्याची आठवण ठेवा, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. धुराला तर पाणीही वाढवावं लागत नाही, तो आपणहून सांगून येतो. चार तुकडे झाकून मुलाच्या हाती पाठवले, तेही लगेच, गरम असतानाच.

मी अम्मीकडे पाहत होते. तिने पहिला तुकडा सावकाश खाल्ला. बोटं चाटली. दुसरा घेतला. माझा जीव वर-खाली. म्हटलं, “अम्मी, कसे झालेत?”

“मीठ जरा कमी आहे,” अम्मी म्हणाली आणि तिसरा तुकडा उचलला.

आमच्या अम्मीला पंख खरंच आवडतात. सत्तर वर्षांच्या वयात आम्हा दोघींनाही ते त्या संध्याकाळी कळलं.

भगिनींनो, तुम्ही पंख करा किंवा करू नका. साधी डाळ केली तरी तिला धुंगार द्या आणि झाकण दस्तरखानावर आल्यावरच उघडा. सगळे बसलेत ना, पाहा. मोजताना स्वतःला विसरू नका. मी अजून विसरते. आणि उठताना निखारा पुरता विझला का, ते एकदा बघून घ्या.

खुदा हाफिज.