रात्रपाळीवाल्याची रात्र

निगडी प्राधिकरण, इंद्रायणीनगर किंवा मोशी भागात स्टुडिओ अपार्टमेंट भाड्याने देणे असले, की जाहिरातीत 'शांत परिसर' हे शब्द हमखास असतात. स्टुडिओ म्हणजे आपला जुना वन आरकेच; नाव तेवढे नवे. चाकण किंवा भोसरीच्या कारखान्यात नुकताच कामाला लागलेला तरुण अशी खोली बघायला जातो तो बहुधा रविवारी संध्याकाळी. तेव्हा गल्ली खरोखरच शांत असते. मात्र तिसऱ्या पाळीच्या आठवड्यात त्याला झोपायचे असते सकाळी आठनंतर, आणि त्या वेळची गल्ली त्याने पाहिलेलीच नसते. घंटागाडीचे गाणे, भंगारवाल्याची ध्वनिमुद्रित आरोळी, वरच्या मजल्यावरचा मिक्सर, शेजारच्या घरातले ड्रिल मशिन.

केंद्र सरकारच्या २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. रात्र म्हणजे दहा ते सहा. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये झोपेच्या खोलीत सततचा आवाज ३० डेसिबलच्या वर नसावा, असे सुचवले होते. अर्धवट उघडी खिडकी बाहेरचा आवाज साधारण १५ डेसिबलने कमी करते, असे धरले जाते. म्हणजे नियम काटेकोर पाळणाऱ्या गल्लीतही दिवसा झोपणाऱ्याच्या कानाशी ४० डेसिबल उरतात. तक्रार करायची सोयही नाही; कारण नियम मोडलेलाच नसतो.

कामगारविषयक कायद्याला ही अडचण फार पूर्वी उमगली होती. १९४८च्या कारखाने अधिनियमात मध्यरात्रीपलीकडे जाणाऱ्या पाळीतल्या कामगाराचा 'पुढचा दिवस' पाळी संपल्यापासूनचे २४ तास असा मोजला गेला. कारखान्याच्या दारात त्याचे घड्याळ वेगळे आहे हे मान्य, गृहनिर्माण सोसायटीच्या दारात नाही!

शरीराचे घड्याळ तर आणखी हट्टी. पहाटे चार-पाचच्या सुमारास शरीराचे तापमान सर्वांत खाली असते, मग ते चढू लागते आणि शरीर जागे राहण्याच्या तयारीला लागते. नेमक्या त्या वेळी रात्रपाळीवाला अंथरूण घालतो. त्यातच घरी येताना डोळ्यांवर पडलेले ऊन मेंदूला दिवस उजाडल्याचा निरोप देते. त्यामुळे दिवसाची झोप रात्रीपेक्षा एक ते चार तासांनी कमी भरते. दोन खोल्यांच्या घरात निदान मधले दार लावता येते. स्टुडिओत ओटा, पलंग आणि मुख्य दार एकाच चौकोनात. खोली कॉट बेसिसवर असेल तर पहिल्या पाळीचा जोडीदार साडेतीनला येऊन कुकर लावणारच. त्यात त्याचा तरी काय दोष?

या तुटक झोपेचा हिशेब रस्त्यावर होतो. सलग १७ तास जागे राहिलेल्या माणसाची हालचाल आणि लक्ष रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्यासारखे मंदावते, असे १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसले. आपल्याकडे वाहन चालवण्याची कायदेशीर मर्यादा ०.०३ टक्के आहे. दुपारी दोनला जाग आलेला कामगार सकाळी सातला पाळी संपवून पुणे-नाशिक महामार्गावर दुचाकी काढतो, तेव्हा त्याचे १७ तास भरलेले असतात. श्वासाच्या तपासणीत मात्र काहीच सापडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये, आणि पुन्हा २०१९ मध्ये, रात्रपाळीला 'बहुधा कर्करोगकारक' गटात ठेवले, ती गोष्ट निराळीच.

आवाज आणि उजेड टाळण्यासाठी लोक खिडकी गच्च बंद करतात. इथे एक धोका सांगितलाच पाहिजे. न्हाणीघरात गॅस गिझर असेल तर बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड साठू शकतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. जाड पडदा लावावा, कानात बोळे घालावेत, पण हवेची वाट बुजवू नये आणि असा गिझर न्हाणीघराबाहेरच असावा.

कंपन्यांनाही करण्यासारखे आहे. शरीराचे घड्याळ २४ तासांहून दहाएक मिनिटे लांब असते, म्हणून पाळ्या पहिली, दुसरी, तिसरी अशा पुढे सरकवणे उलट्या क्रमापेक्षा सोसते. सोसायट्यांनी फर्निचर आणि तोडफोडीची कामे दुपारी तीननंतर ठेवली, तर एकाही घरमालकाचे नुकसान नाही. आणि खोली शोधणाऱ्याने रविवारची संध्याकाळ सोडून मंगळवारी सकाळी अकराला जावे, दार लावून पंधरा मिनिटे नुसते बसावे. गच्चीखालची खोली असेल तर एप्रिलात दुपारी दोनला पुन्हा एकदा.