पाण्याकाठचा मुक्काम

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण आपण आजवर काहीशा कुचेष्टेनेच वापरीत आलो. ज्याचा मुक्काम रोज हलतो त्याच्याविषयी गावाला कणव वाटे, क्वचित संशयही वाटे. हेवा मात्र कधी वाटला नाही. काळाचा महिमा असा की, आज सुखवस्तू माणूस पदरचे पैसे मोजून हेच बिऱ्हाड हौसेने पाठीवर घेऊ लागला आहे. बिछाना, चूल, मोरी आणि शौचकूप ज्यात आहे अशी मोटार, किंवा मोटारीमागे जोडून ओढीत न्यावयाची घरगाडी, कॅरव्हान ह्या नावाने आपल्या रस्त्यांवरही दिसू लागली आहे. इंग्लंडात अशा प्रवाशांचा क्लब १९०७ सालीच स्थापन झाला. महाराष्ट्र शासनाने ह्या पर्यटनासाठी २०२१ साली स्वतंत्र धोरण जाहीर केले. धोरणाचे आम्ही स्वागतच करतो. परंतु घर बरोबर घेऊन निघालेल्या माणसाला रात्र पडली की एकच प्रश्न छळतो : हे घर उभे कोठे करावयाचे?

ह्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आम्ही वाचकांना निमगाव केतकीला नेऊ इच्छितो. बारामतीहून इंदापूरला जाणाऱ्या रस्त्यावरचे, पानमळ्यांचे हे गाव. इंदापूर तालुक्याच्या उत्तरेस व पूर्वेस भीमा, दक्षिणेस नीरा, आणि नीरा नरसिंहपूरला दोघींचा संगम. भीमेवर उजनीचे धरण १९८० साली पूर्ण झाले आणि तालुक्याची एक सीमाच जलाशय होऊन बसली. भिगवण, कुंभारगाव येथे हिवाळ्यात उतरणारे रोहित पक्षी पाहण्यास पुण्यामुंबईची मंडळी पहाटेच्या अंधारात मोटारी हाकीत येतात. पळसदेवचे बुडालेले मंदिर पाणी ओसरले की वर येते, तेव्हाही गर्दी लोटते. ह्या मंडळींना रात्री पाण्याकाठी आपल्याच गाडीत निजावेसे वाटले, तर त्यात गैर काहीच नाही.

गैर आहे ती निराळीच समजूत. पाण्याकाठी मोकळी जागा दिसली, गाडी लावली, की मुक्काम झाला, असे अनेकांना वाटते. घरगाडीच्या तळाला तीन जोडण्या लागतात : पिण्याच्या पाण्याचा नळ, मीटर व भूजोडणी असलेला विजेचा खांब, आणि गाडीच्या टाकीतील मैला व सांडपाणी सोडावयाची बंदिस्त सोय. जमीन सपाट व मुरुमाने घट्ट केलेली हवी. एरवी इंदापूरच्या काळ्या मातीत पहिल्याच वळवाला चाके रुततील. लांब गाडी वळण्यास जागा हवी. ह्या तिन्हींपैकी पहिल्या दोन जोडण्या माणूस मागून घेतो, कारण त्यांवाचून त्याचे अडते. तिसरी कोणी मागत नाही, कारण तिच्यावाचून अडते ते दुसऱ्याचे! पुणे व पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठा आणि भीमेच्या वाटेने उजनीतच येऊन साठते. शहराने नदीवाटे पाठविलेली घाण कमी पडली म्हणून शहरातला पाहुणा ती गाडीतूनही घेऊन आला, असे होता कामा नये. मैल्याची सोय जेथे नाही तेथे घरगाडीला मुक्कामाची परवानगीच असू नये, हे आमचे पहिले म्हणणे आहे.

दुसरे म्हणणे काठाविषयी. उजनीचा एकंदर साठा सुमारे ११७ अब्ज घनफूट. त्यातला निम्म्याहून अधिक मृत साठा. उन्हाळ्यात पातळी उणे होते; २०२४ साली ती उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेली. अशा जलाशयाचा काठ हा सरकणारा काठ असतो. पावसाळ्याच्या अखेरीस जेथे लाटा आपटतात तेथे वैशाखात भेगाळलेला गाळ असतो, आणि त्या गाळावर कोणीतरी गाळपेर केलेली असते. ज्यांची शिवारे धरणाखाली गेली त्या गावांना ह्या ओल्या पट्ट्याचे मोल काय आहे, हे शहरात बसून कळणार नाही. तेव्हा तळ आखावयाचा तो पूर्ण संचय पातळीच्या वर, उंचवट्यावर. पाणी दिसावे, परंतु पाहुण्यासाठी गाळपेर मोडू नये, मच्छीमाराची वाट अडू नये आणि रात्रीच्या झगझगाटाने पाखरे उठू नयेत. पाण्याची हौस करताना त्याची भीतीही बाळगावी लागते. २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीकडे येणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण प्राणांस मुकले. तराफा, जीवरक्षक जाकीट आणि पोहणारा माणूस ह्यांवाचून कोणताही पाण्याकाठचा तळ उघडू नये.

हे सारे व्हावयाचे कोणी? अमेरिकेत धरणे बांधणारे लष्करी अभियंत्यांचे खातेच आपल्या जलाशयांकाठी तळ चालविते. नळ व विजेच्या खांबासह जागा आगाऊ राखून देते. धरण बांधले म्हणजे काठाची जबाबदारीही आलीच, असा त्यामागील विचार. आपल्याकडे पाणी एका खात्याचे, पर्यटन दुसऱ्याचे, रस्ता तिसऱ्याचा, आणि कचरा मात्र ग्रामपंचायतीचा, अशी वाटणी आहे. चार खात्यांनी एकत्र बसून काठावरच्या चार जागा आखून द्याव्यात, एवढीच अपेक्षा अवाजवी म्हणता येईल काय? बारामतीच्या परिसराने कृषिपर्यटनाचा मार्ग पुष्कळांच्या आधी चोखाळला आहे. एखाद्या शेतकऱ्याने आपल्या विहिरीच्या पाण्यावर, आपल्या बांधालगत चार गाड्यांची सोय केली, तर ते जोडउत्पन्न त्याच्याच घरात राहील.

येथवर वाचून एखादा वाचक विचारील, ज्या तालुक्यात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते तेथे हौशी लोकांच्या गाड्यांची ही उठाठेव कशाला? आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तरही निमगाव केतकीच देते. श्रीतुकाराम महाराजांच्या पालखीचा मुक्काम ह्या गावी असतो. लक्षावधी माणसे बिऱ्हाड पाठीवर घेऊन येतात, राहुट्या पडतात, दिंड्यांच्या मालमोटारी उभ्या राहतात, टँकर येतात, दिवे लागतात, फिरती शौचालये मांडली जातात. जगातील कोणत्याही कॅरव्हान तळाला लाजवील अशी ही वसाहत एका रात्रीत उभी राहते आणि दुसऱ्या पहाटे उठून इंदापूरच्या वाटेला लागते. ह्या मार्गाच्या महामार्गाची कोनशिला ८ नोव्हेंबर २०२१ रोजी पंतप्रधानांनी बसविली. रस्ता कायमचा झाला; मग मुक्कामाचे नळ, खांब आणि मैल्याच्या टाक्या मात्र दर आषाढात नव्याने का मांडाव्यात? पालखीतळावर त्या कायमच्या करा. वर्षातील एक रात्र त्या वारकऱ्याच्या सेवेला असतील; उरलेल्या रात्री घरगाडीवाल्याकडून भाडे घ्या आणि त्यातून त्यांची देखभाल करा.

आणि आता तिसऱ्या बिऱ्हाडाविषयी. आमचे खरे म्हणणे येथेच आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड-अहिल्यानगरकडून ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या इंदापूर-बारामतीच्या साखर कारखान्यांकडे निघतात. ट्रॉलीत भांडीकुंडी, पाचरट, सरपण, शेळी आणि वर बसलेली पोरे. हीही ओढून आणलेली घरेच! तीही पाण्याकाठीच उतरतात. कालव्याच्या कडेला, ओढ्याच्या उताराला कोप्या पडतात. नळ? कालव्यातून भरलेली घागर. वीज? असली तर आकडा, नसली तर काळोख. तिसऱ्या जोडणीचे नाव काढू नये. बायकांना पहाटेचा अंधार हेच आडोशाचे दार! पाच-सहा महिने ही माणसे राहतात, आणि त्यांनी तोडलेल्या उसाची साखर आपण चहात घालून, ह्या देशात कॅरव्हानसाठी चांगले तळ नाहीत, अशी तक्रार करतो.

ऊसतोड कामगारांसाठी कल्याण महामंडळ आहे, हे आम्ही जाणतो. परंतु ज्या तीन जोडण्या सहलीला आलेल्या कुटुंबाला एका रात्रीसाठी आवश्यक म्हणून धोरणात मान्य झाल्या, त्याच तीन जोडण्या कामाला आलेल्या कुटुंबाला सहा महिन्यांसाठी मिळाव्यात, ह्यासाठी निराळ्या तत्त्वज्ञानाची गरज नाही. मुरूम तोच, नळ तोच, टाकी तीच. तळ निराळा असावा, कारण दोघांचा हंगाम एकच आहे; परंतु दर्जा निराळा असण्याचे कारण आम्हाला दिसत नाही. घरगाड्यांच्या तळाला परवानगी देताना शासनाने त्याच तालुक्यात ऊसतोड कामगारांचाही एक तळ त्याच सोयींनी उभा राहील अशी अट घालावी आणि कारखान्यांनी आपला वाटा उचलावा.

पाहुण्याला पाणी विचारणे ही आपल्याकडील पहिली रीत. मोटारीने आला की पायी आला, भाडे देऊन उतरला की कोयता घेऊन उतरला, हे त्यानंतर विचारावयाचे. उजनीच्या काठी पहिला विजेचा खांब रोवला जाईल तेव्हा आम्ही आनंदाने लिहू. तोवर कोपीतल्या घागरीकडे आमचे लक्ष राहील.